ठोकळा, बेडूक आणि ओटा

"बुडालं!" आई म्हणाली. "पाण्यात जायच्या आधीच बुडालं गं बाई तुझं इंजिन."

बोट अजून शेडमध्ये लाकडी घोड्यांवर चढवलेली होती आणि पाणी तिथून चांगलं दोनशे पावलं लांब होतं. पण आईचं काही चुकत नव्हतं. आईच्या थोरल्या मुलाच्या, म्हणजे दादाच्या लेकीनं, घरातल्या वेल्डरनं, दोन महिने जेवणाच्या सुट्टीत खपून ॲल्युमिनियमचं जे ब्रॅकेट जोडलं होतं, ते आत्ता बोटीच्या मागच्या फळीला टांगलेलं होतं. त्यावर नवं आउटबोर्ड इंजिन चढवलं होतं, आणि त्याचा पंखा जिथं यायला हवा त्याच्या चक्क तीन अंगठे खाली लोंबत होता. तीन अंगठे ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. एवढं खाली बसलेलं इंजिन बोट ढकलायचं सोडून पाणीच घुसळत बसतं, आणि लाट आली की गळ्यापर्यंत भिजतं.

वेल्डरनं हातमोजे काढून जमिनीवर आपटले. "मला फळीच्या उंचीचा आकडा कोणी दिला?"

"मी नाही," दादा आणि कप्तान एकदमच म्हणाले. इतके एकदम, की वहिनीच्या हातातला चहा हिंदकळून बशीत आला.

कप्तान म्हणजे दादाची धाकटी बहीण. दोघांच्या बाबांच्या याच बोटीवर ती बावीस वर्षं मासेमारीला गेली, पहिली बारा बाबांबरोबर आणि पुढची दहा एकटी. सगळा किनारा तिला कप्तान म्हणायचा, तेव्हापासून घरातही तेच पडलं. मग बोटीच्या पोटातलं जुनं इंजिन कायमचं बसलं, फळ्या कुजल्या, आणि बोट शेडमध्ये आली. दादा सुतार. त्यानं वर्षभर एकेक फळी बदलली. आता उरलं होतं एवढंच, की नवं इंजिन मागे टांगायचं कशावर. मागची फळी वरून कापून थेट तिच्यावर टांगता आलं असतं. पण ती फळी बाबांनी एकाच खोडातून काढलेली, आणि तिला करवत लावायची गोष्ट कोणी नुसती बोललं असतं तरी आईनं करवतच लपवून ठेवली असती. म्हणून ब्रॅकेट.

उमेदवार तीन होते. पहिला ठोकळा: दुकानातून पसंतीला आणलेला, पोलादी, जाडजूड, एकदा बसला की बसला. दादा ठोकळ्याच्या बाजूनं. दुसरा बेडूक: तोही दुकानातलाच, भल्यामोठ्या स्प्रिंगांचा, दांडा ओढला की इंजिनासकट टुणकन वर येणारा. वहिनी, म्हणजे दादाची बायको, बेडकाच्या बाजूनं, कारण दादा ठोकळ्याच्या. आणि तिसरा वेल्डरचा ओटा, ज्यावर इंजिन राहून शिवाय दोन माणसं गप्पा मारत बसू शकली असती. दुकानदार पाच वाजता येऊन नको असेल ते परत नेणार होता. तीन वाजून गेले होते.

राहता राहिली कप्तान. तिला बेडूक हवा होता. अगदी जीव टाकून हवा होता. पण ते सांगायचं कसं? मागच्या रविवारी याच शेडमध्ये, सगळ्यांच्या देखत तिनंच बेडकाला पायानं ढोसून म्हटलं होतं, "स्प्रिंगा म्हणजे म्हाताऱ्यांचे चोचले! दांडा ओढत बसायचं तर बोट कशाला, झोपाळा घ्या." सगळे खो खो हसले होते, तीही हसली होती. मंगळवारी शेडमध्ये कोणी नव्हतं तेव्हा तिनं दादानं ठोकळ्यावर टांगून ठेवलेलं इंजिन उचलून बघितलं. किनाऱ्याला लागताना दर खेपेला इंजिन उचलून तिरकं करावं लागतं, नाहीतर पंखा वाळूत जातो. ठोकळ्यावर हे काम अंगबळावर: फळीवरून बाहेर ओणवं व्हायचं आणि ते धूड दोन्ही हातांनी वर घ्यायचं. आणि कप्तानचा उजवा हात वर्षभर खांद्याच्या वर जात नव्हता. एकट्या डाव्यानं धूड हललंसुद्धा नाही. बेडूक डाव्यानं हलला असता. पण त्याचा दांडा उजवीकडे, आणि डावा तिथवर पोचेना.

हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण घरात ठरलं होतं ते असं: बोट नीट करायची ती कप्तान एकटी पाण्यात नेणार म्हणून. नाहीतर नाक्यावरच्या हॉटेलवाल्याला द्यायची. त्याला ती आपल्या दारात उभी करून तिच्यात फुलझाडं लावायची होती. हाताचं कळलं की सगळे काळजीनंच म्हणणार, पुरे झालं आता, बैस घरी. भांडण असतं तर कप्ताननं हा हा म्हणता जिंकलं असतं. काळजीशी कसं भांडायचं ते तिला कधी जमलंच नाही.

"आत्या, तू दिलास आकडा," वेल्डर म्हणाली. "एक काठी दोन खाचा. मी खडूनं भिंतीवर लिहून ठेवलाय."

"मग बरोबरच आहे तो."

"बरोबर असता तर इंजिन असं खाली लोंबलं असतं का?"

"तू काठी कुठली लावलीस?"

"माझ्या बाबांची. आमच्या वर्कशॉपमध्ये नेऊन टेपवर ठेवली आणि सेंटिमीटर काढले."

"तरीच!" कप्तान म्हणाली. "त्याच्या काठीवर माझा आकडा? ती काठी मुळातच खोटी आहे."

दादा हातातली पटाशी खाली ठेवून उभा राहिला. "काठीला काही बोलायचं नाही."

आता या काठ्या. बाबांनी जन्मात टेप वापरली नाही. त्यांची एक मापाची काठी होती, तिच्यावर दर अंगठ्याच्या रुंदीला एक खाच. दोन्ही मुलं कामाला लागली तेव्हा त्यांनी तिच्यावरून दोन नव्या काठ्या केल्या, एक मुलाला आणि एक मुलीला, आणि स्वतःची चुलीत घातली. घरात वाद नको म्हणून! तेव्हापासून बोटीला टेप लावायची नाही असा दंडक आहे, आणि तेव्हापासूनच दोघांची मापं जुळत नाहीत. कप्तानच्या घराच्या दाराचं प्रकरण सगळ्यांना तोंडपाठ होतं. तिनं चौकट मोजून आकडा कळवला, दादानं दार करून आणलं, आणि दाराखाली एवढी फट राहिली की शेजारचं मांजर न वाकता आत यायला लागलं. बहीणभाऊ त्यावरून वर्षभर बोलत नव्हते. मांजर मात्र तिथंच राहिलं.

"मी आत्ता मोजून दाखवतो," दादा म्हणाला. त्यानं खुंटीवरची आपली काठी काढली, मागच्या फळीच्या तळाशी धरली, वरच्या टोकाला पेन्सिलची रेघ मारली, रेघेवर पुन्हा काठी ठेवली आणि मोठ्यानं मोजलं. "एक काठी. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच खाचा! दोन म्हणे."

"दोन."

"पाच!"

"अहो, ओरडताय कशाला," वहिनी म्हणाली. "दोनापाचाचा लिलाव आहे का?"

वहिनी बोटींची कापडी आच्छादनं शिवते. एक टाका चुकला तर सगळं उसवून पुन्हा शिवायचं, तिच्या कामात वाद घालायला जागाच नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हे काठीपुराण ऐकत होती आणि पहिल्या वर्षापासून तिच्या मनात एकच साधा प्रश्न होता. नव्या नवरीनं कशाला विचारायचं म्हणून तेव्हा गप्प बसली, पुढे संसारात विसरली, आणि आज चहा सांडल्यामुळे म्हणा किंवा उकाड्यामुळे म्हणा, तो प्रश्न तोंडातून निघून गेला.

"दोन्ही काठ्या शेजारी शेजारी धरून बघितल्यात का हो कधी?"

दादानं कप्तानकडे बघितलं. कप्ताननं दादाकडे बघितलं. तीस वर्षांत दोघांपैकी कोणी आपली काठी दुसऱ्याच्या हातात दिली नव्हती, शेजारी धरणार कशा?

"देवा रे," वेल्डर म्हणाली. ती घाईघाईत दोघांच्या हातातून काठ्या काढून घेऊन आईच्या खुर्चीसमोरच्या पाटाशी गेली. खालची टोकं पाटाला टेकवली. वर कप्तानची काठी जास्त आली. दोन अंगठे.

वेल्डरनं बोटानं खाचा मोजल्या. कप्तानच्या तीस. दादाच्या अठ्ठावीस.

दादानं काठी उचलून खालचं टोक बघितलं. ते सपाट होतं, करवतीचं. बाबा कधी काठीचं टोक सपाट ठेवत नसत. ही काठी घेऊन त्यानं अर्ध्या गावाची कपाटं केली होती.

"कोणी कापली?" तो अगदी बारीक आवाजात म्हणाला.

आईनं पदर तोंडाला लावला. दादाला वाटलं, ती रडतेय. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ध्यानात आलं, की ही बाई हसतेय.

"अरे, काठ्या दिल्या त्या वर्षी स्वयंपाकघरातल्या खिडकीची दांडी मोडली होती," ती म्हणाली. "झडप वर राहीना. धूर कोंडायचा. तू कामाला बाहेरगावी गेला होतास, तुझी काठी खुंटीला होती. लावून बघितली तर जराशी मोठी झाली. मग जराशी कापली."

"आई! जराशी?"

"दोनच अंगठे. तू आलास तेव्हा परत टांगून ठेवली की! मला काय माहीत तू तिला एवढं मोजत असशील."

पहिली वहिनी फुटली. ती हसता हसता घोड्याला टेकली, घोडा हलला, बोट करकरली, आणि मग कोणाला काही आवरेना. "म्हणजे दार!" वेल्डर किंचाळली. "दोन काठ्यांचं दार, म्हणजे चार अंगठे!" "म्हणजे ते मांजर आईचं!" कप्तान म्हणाली. "म्हणजे माझ्या मावशीचा पलंग," वहिनी डोळे पुसत म्हणाली, "त्यांनी अंगठ्यांत माप कळवलं होतं, यांनी काठी तिसाची धरली, पाय बाहेर राहायचे बिचारीचे, मरेपर्यंत म्हणत होत्या की मीच वाढले असेन." दादा हसत नव्हता. तो अठ्ठावीस खाचा पुन्हा मोजत होता, जणू या वेळी तीस भरतील. मग त्यालाही हसू फुटलं, आणि ते एवढं मोठं होतं की त्याचा चष्मा भुशात पडला. त्याच्या आयुष्याची सगळी इभ्रत खिडकीच्या झडपेला लागली होती, आणि त्याला हसण्याशिवाय दुसरं काही सुचेना.

कप्तान भुशात बसकण मारून हसत होती. ती जिंकली होती. तीस वर्षांनी जिंकली होती! आणि या गोंधळात बेडकाचं कसं पुढे सरकवावं याचा विचारही ती करत होती.

पण दादाचं डोकं सुताराचं. चष्मा पुसून तो डोळ्यांवर चढवेपर्यंत त्याचा हिशेब झाला होता.

"थांबा," तो म्हणाला. "थांबा, थांबा. माझ्या पाच, हिच्या दोन. फरक तीन. आईनं कापल्या दोन. मग एक खाच राहिली की नाही?"

"जाऊ दे ना आता," कप्तान म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

"जाऊ दे कशी? दोन माझ्या, कबूल. सगळ्यांसमोर कबूल. पण ही एक माझी नाही! माझ्या पाचातून दोन गेल्या, राहिल्या तीन. एक काठी तीन खाचा. तू दोन म्हणालीस. चल, ऊठ, मोज माझ्यासमोर."

"मला कंटाळा आलाय."

"कंटाळा? तुला? मापाचा?" दादाला स्वर्ग दोन बोटं उरला होता. "आई काय, लेक काय, सगळ्यांनी बघा हं. कप्तान मोजणार आहे."

आता मागे फिरणं नव्हतं. कप्ताननं आपली काठी घेतली आणि बोटीमागे गेली. घोड्यांमुळे फळीचा तळच तिच्या छातीशी येत होता. पहिली काठी नीट लागली. उजव्या हातानं खालून धरली, डाव्यानं वर खडूची रेघ मारली. दुसरी काठी त्या रेघेवर, म्हणजे डोक्याच्या वर. एका हातानं काठी धरायची आणि दुसऱ्या हाताचं नख खाचेवर टेकवून वरची कड बघायची. गेल्या खेपेला तिनं नख टेकवलंच नव्हतं. मान वर करून अंदाजानं दोन म्हणून टाकलं होतं.

दादा शेजारी येऊन उभा राहिला, एक खाच पकडायला अगदी टपून. त्याचं तोंड तिच्या खांद्याशी होतं. म्हणून बाकीच्यांना दिसलं नाही ते त्याला दिसलं. डावा हात काठी धरून वर गेला. उजवा कोपरापासून उठला, खांद्यापाशी येऊन थांबला. कप्ताननं ओठ आत घेतले, टाचा उचलल्या, सगळं अंग वर ताणलं. हात तिथंच.

मागच्या महिन्यात ती डाव्या हातानं चहा घेत होती तेव्हा तो म्हणाला होता, डावरी झालीस काय गं, आणि स्वतःच हसला होता. लांब केस तिनं अचानक कापून टाकले तेव्हा घरभर चेष्टा केली होती. जहाजाचा दोर एका झटक्यात ओढणारी ही पोरगी. वर्षभर तो बोटीच्या फळ्या तपासत होता, कुठं कुजलंय, कुठं हलतंय, आणि शेजारी उभ्या असलेल्या बहिणीकडे त्यानं एकदा धड बघितलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

"किती?" तिकडून वहिनी ओरडली. "बोला की! कोण जिंकलं?"

दादानं घसा खाकरला.

"दोन," तो म्हणाला. "दोनच आहेत. मीच मघाशी काठी वाकडी धरली होती. तीही चूक माझीच."

या माणसानं मापाची चूक आपण होऊन कबूल केल्याचं घरात कोणाच्या आठवणीत नव्हतं. आई खुर्चीत पुढे सरकली. "याला ताप आलाय का बघा."

"आणि बेडूकच घेऊ," दादा घाईघाईनं पुढे म्हणाला. "मी आधीपासून बेडकाच्याच बाजूचा आहे."

"तुम्ही?" वहिनी म्हणाली.

"दांडा डावीकडे घेऊ. डावीकडे बरा दिसतो. रंग... रंगाला शोभतो."

"बाबा, दांड्याला कसला रंग?" वेल्डर म्हणाली, पण तिनं खडू घेतला आणि त्या एकाच खोडातल्या अखंड फळीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: १ काठी २ खाचा.

कप्ताननं ते वाचलं. हात दुखत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आपला भाऊ आपल्यासाठी खोटं बोलला हे तिला लख्ख कळलं होतं. दादा, ज्यानं पाव खाचेसाठी बापाशी भांडण केलं होतं, तो. तिला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. गप्प राहिली असती तर सगळं सुटलं असतं. बेडूक मिळत होता, दांडा डावीकडे येत होता, बोट मिळत होती. फक्त बाबांच्या फळीवर एक खोटा आकडा राहिला असता, आणि इंजिन जन्मभर एक अंगठा खाली.

"पूस ते," ती म्हणाली. "तीन आहेत."

"अगं—" दादा म्हणाला.

"तू गप्प. तीन आहेत. माझा उजवा हात वर जात नाही. वर्षभर नाही. मी अंदाजानं दोन सांगितलं." तिचा आवाज एकदा फुटला, मग चढला. "आणि हॉटेलवाल्याचं नाव कोणी काढलंत तर बघा! ठोकळ्यावरचं इंजिन मला उचलत नाही. बेडकावरचं उचलेल. दांडा डावीकडे पाहिजे. मला बोट पाहिजे. मी घरी बसून मरेन, खरंच सांगते, मला घरी बसवू नका."

वहिनीनं चहाचा कप खाली ठेवला. मग आईचा आवाज आला.

"मग डावा काय शोभेला ठेवलायस?"

कप्तान आधी रडली आणि मग तिच्या नाकातूनच हसू आलं. वहिनीनं जाऊन तिला घट्ट धरलं आणि वर रागावली, "वन्सं, तेल कोणी लावून दिलं असतं की! सांगायला तोंडाला काय झालं होतं?" दादानं तेवढ्यात आपलाही उजवा गुडघा सकाळी दुमडत नसल्याचं जाहीर करून टाकलं. वहिनी म्हणाली, तिला सुईत दोरा दोन महिने दिसत नाही, शेजारणीकडून ओवून घेते. वेल्डर म्हणाली, "मी तेवढी ठणठणीत," आणि बेडकापाशी गुडघे टेकून दांडा सोडवायला बसली. डावीकडे भोक आधीच पाडलेलं होतं, त्यावर रबराची टोपी होती. कोणी ती काढून बघितली नव्हती. दहा मिनिटांत दांडा डावीकडे आला.

ओटा खाली उतरला. "कापून त्याची पायरी करते," वेल्डर म्हणाली. तिला वाईट वाटत होतं आणि ती ते लपवत नव्हती. "आत्या त्यावर उभी राहील. दोन महिने काही फुकट गेले नाहीत."

बेडूक नुसताच, दोन बोल्टांवर, तात्पुरता लावला. त्यावर इंजिन चढवलं. कप्तान शिडीनं बोटीत चढली, मागे आली, डाव्या हातानं दांडा पकडला.

"ओढू?"

"ओढ की गं!" आई ओरडली.

तिनं ओढला. स्प्रिंगा कण्हल्या, आणि ते चाळीस किलोचं धूड टुणकन उडी मारून वर येऊन बसलं. आईनं टाळ्या पिटल्या. कप्ताननं खाली सोडलं, पुन्हा वर घेतलं, पुन्हा सोडलं, पुन्हा घेतलं. लहान पोरीसारखी हसत होती ती, आणि खाली दादा दर खेपेला "हप्!" म्हणत होता.

दुकानदार पाचाच्या आधीच आला तेव्हा हे असंच चाललं होतं. तो दारात थबकला. "कुठलं परत नेऊ?"

"ठोकळा," पाचही जण एकदम म्हणाले.

"बरं. आणि हे कायमचं बसवताना उंची नीट बघा हं. अंगठाभर चुकली तरी त्रास होतो." त्यानं खिशातून टेप काढली. "मोजून देऊ?"

"ठेव ती आत!" आई म्हणाली.

दादानं आपली काठी आईच्या मांडीवर ठेवली. "घे. खिडकीला लाव." मग तो बोटीखाली जाऊन उभा राहिला आणि हात वर केला. क्षणभर कप्तानला कळेना तो काय मागतोय. कळलं तेव्हा तिनं बोटीच्या कडेवरून ओणवी होऊन आपली काठी खाली दिली, डाव्या हातानं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच आपण होऊन ती सोडली.

"सांभाळून," ती म्हणाली. "खरी आहे ती."

"माहीत आहे," दादा म्हणाला, आणि मोजायला लागला.